पक्ष्यासाठी थांबणं माफ

सुले, तुझ्या दुर्बिणीतून काहीही दिसत नाही.

तेराव्याची जेवणं उरकली, माणसं पांगली आणि तुझ्या प्रकाशने आतल्या खोलीतून ती आणून माझ्या हातात दिली. "तूच ठेव नीला, रोज सकाळी तिच्याबरोबर तूच असायचीस," म्हणाला. माझे डोळे भरून आले, अगदी व्यवस्थित, चारचौघांसमोर शोभतील असे. तशीच तुमच्या गॅलरीत गेले, नॅशनल पार्कच्या डोंगराकडे दुर्बीण लावली आणि डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. आत ताक! पांढरं, गढूळ, घट्ट ताक. मधलं चाक फिरवून पाहिलं, ओढणीने काचा पुसल्या, उलटी धरून पाहिली. डोंगर सोड, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी दिसेना. आतल्या काचांवर बुरशी चढलीय. आणि ती बुरशी काही तू गेल्यावर पंधरवड्यात चढलेली नाही, एवढं मला कळतं. मुंबईच्या दमट हवेत वाढलेली बाई आहे मी.

तेव्हा आता स्पष्टच विचारते. दोन वर्षं तू त्या ताकातून काय बघत होतीस?

हळद्या, तांबट, खंड्या, कोतवाल, एकदा तर चक्क धनेश. कान्हेरीच्या चढावर रोज दुर्बीण डोळ्याला लावून "थांबा!" म्हणून ओरडायचीस. आम्ही थांबायचो. तो पक्षी आम्हाला कधीच दिसायचा नाही. मला संशय होताच. पण माझा संशय असा होता की तुला पक्ष्यांची नावं कळत नाहीत. तुला पक्षीच दिसत नव्हते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मानलं तुला.

पण आता खरा प्रश्न उरतो, आणि त्याने माझी झोप उडवलीय. पक्षी नव्हता, तर तू थांबत होतीस कोणासाठी? माझ्यासाठी की स्वतःसाठी? माझ्यासाठी थांबत असशील, तर मला तुझे उपकार मानायला हवेत, आणि आपल्या दोघींत ती पद्धत नव्हती. स्वतःसाठी थांबत असशील, तर तुझी छाती भरून येत होती आणि मी शेजारी उभी राहून टवाळी करत होते. सांग, यातलं मी कुठलं घेऊ?

मला सगळं पहिल्यापासून आठवू दे. म्हणजे तू कुठे कुठे मला गंडवलंस ते कळेल.

आपला ग्रुप कसला, तिघांचा. तू, मी आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचे सावंतकाका. काकांनी उभी हयात गिरणीत साच्यांवर कापड विणलं. गिरणी गेली, पण शिस्त राहिली. "साचो सुरू झालो काय भोंगो होईसर थांबाचा नाय," हे त्यांचं ब्रीद. तेच त्यांनी सकाळच्या चालण्याला लावलं. गेटवर पास दाखवायचा, नदीच्या कडेने आत जायचं आणि कान्हेरीचा चढ लागला की मधे थांबायचं नाही. जो थांबेल त्याला दंड. दंड काय, तर रविवारी तळ्यात काकांबरोबर पायडलची होडी मारायची आणि त्यांच्या गुडघ्याची कथा पहिल्यापासून ऐकायची. या दंडाच्या भीतीने आपण दोघी वर्षानुवर्षं घोड्यासारख्या चढलो. माझं तर नावच पडलं होतं इंजिन. तू मागून म्हणायचीस, "इंजिन पुढे गेलं, डबे आले का बघा!"

मग दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता माझ्या हृदयात ते नळीचं प्रकरण झालं. स्टेंट. आमच्या श्रीकांतला मी इस्पितळातल्या पलंगावरूनच शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. सोसायटीत सांग, नीला पुण्याला गेलीय मावसबहिणीकडे. हो, तुलाही नाही सांगितलं. तुला का नाही? सांगते. तू दुधीचा रस घेऊन आली असतीस. रोज. आणि समोर बसून तो प्यायला लावला असतास. शिवाय इंजिनाला लाज असते.

डॉक्टर म्हणाले होते, चाला, चढावर मात्र दमाने घ्या. दमाने कसं घेणार? पुढे काका, मागे तू आणि रविवारी होडी.

पुन्हा यायला लागले तो पहिला दिवस आठव. गेटच्या आत शिरलो आणि काकांनी घसा खाकरला.

"आजपासून नियमात एक दुरुस्ती. पक्षी नाहीतर जनावर दिसलं, तर थांबणं माफ. एरवी दंड तोच."

"आता का हो अचानक?" मी विचारलं.

"ह्या जंगल आसा. तेका मान देवक नको?"

तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतीस. किती वेळ लागतो गं एक नाडी बांधायला? तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आला, पण काकांचा आला. म्हटलं, म्हातारा मऊ पडायला लागला.

चढ लागला. पहिल्या वळणाशी माझ्या छातीवर कोणीतरी पाटा ठेवला. मी मनात म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, आता बसते. आणि नेमकी त्याच क्षणी तू किंचाळलीस.

"थांबा! हळद्या!"

गळ्यात ती अगडबंब काळी दुर्बीण, प्रकाशच्या मामांची, जे बोटीवर नोकरीला होते. तोपर्यंत मी ती तुमच्या कपाटावर धूळ खात पडलेली पाहिली होती.

"कुठेय?" मी धापा लपवत विचारलं.

"तो काय, फांदीवर."

"कुठल्या फांदीवर?"

"ज्या फांदीवर होता त्या. गेला ना आता, तू बोललीस म्हणून!"

मी झाडाला टेकून पोटभर श्वास घेतला आणि तुला शिव्या दिल्या. दुसऱ्या वळणावर तांबट. ओढ्यावरच्या पुलाशी खंड्या. त्यापुढे मोठ्या दगडाशी काहीतरी "राखी शेपटीचं". दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिलं वळण, दुसरं वळण, पूल, दगड. असले कसले पक्षी गं, रोज ठरलेल्या स्टॉपवर उभे राहणारे? तुला चिमणी, कावळा आणि कबुतर याखेरीज पक्षी माहीत नव्हता, आणि कबुतराला तर तू गॅलरीतून चप्पल मारायचीस. ती बाई एका रात्रीत पक्षीमित्र झाली, यावर माझा विश्वास बसेल असं तुला वाटलं तरी कसं?

मी घरी येऊन श्रीकांतला धरलं.

"तू सुलभाला सांगितलंस?"

"काय?"

"काय म्हणजे? मी पुण्याला गेले नव्हते ते."

"मी कशाला सांगू?" असं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

हा माणूस खोटं बोलताना टीव्हीचा आवाज वाढवतो. पण मॅच चालू असताना खरं बोलतानाही वाढवतो. आणि त्या दिवशी मॅच होती. पुरावा फुकट गेला.

तुला मी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. रोज काहीतरी विचारून पाहायचे. तू अशी बेरकी, की सापडायची नाहीस. तो लेन्सवाला आठवतो? खांद्यावर तोफ घेऊन हिंडणारा, खिसे खिसे असलेलं जाकीट घातलेला. तू दुसऱ्या वळणावर "स्वर्गीय नर्तक!" म्हणून ओरडलीस आणि तो धावत आला.

"मॅडम, कुठे? मी तासभर इथेच आहे."

"तुम्हाला दिसला?"

"नाही ना."

"मग बरोबर आहे. मला दिसला."

"शेपटी पांढरी होती की तांबूस?"

"शेपटी बघायला वेळ कुठे दिला त्याने?"

"पण मॅडम, कसा होता तरी सांगा."

"घाईत होता," तू म्हणालीस आणि चालू लागलीस.

काका हसता हसता खोकले, मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली, आणि तो बिचारा त्या रिकाम्या फांदीचे फोटो काढत राहिला. तेव्हापासून कोणी उशिरा आलं की आपण म्हणायचो, घाईत होता. आता हे वाक्य म्हणायला माझ्याकडे फक्त काका उरलेत, आणि ते कधीच उशिरा येत नाहीत.

आणि ते माकड! लेण्यांच्या पायऱ्यांशी, काकडीवाल्या बायका बसतात तिथे, तू दुर्बीण कठड्यावर ठेवून काकडीला मीठमसाला लावून घेत होतीस. माकडाने झडप घातली. दुर्बीण उलटसुलट केली, एका काचेचा वास घेतला, दुसरीला जीभ लावली आणि कचरा फेकावा तशी फेकून दिली. आम्ही सगळे हसलो. तूही हसलीस, जरा जास्तच. आज वाटतं, त्या माकडाला जे उभ्या उभ्या कळलं, ते मला दोन वर्षांत कळलं नाही.

तुझी कीर्ती मात्र वाढत गेली. सोसायटीच्या महिला मंडळाने तुला पक्षीनिरीक्षणाची सहल काढायला सांगितली आणि तू निर्लज्जासारखी हो म्हणालीस. मला सोबत ओढलंस. रविवारी सकाळी आपल्यामागे टोप्या घातलेल्या बायांची रांग, हातात डबे, कोणाकडे लहान मुलांची खेळण्यातली दुर्बीण. तुझ्यापेक्षा तिच्यातून जास्त दिसत असणार, हे आज लक्षात येतंय. निम्मी सकाळ गेली तरी एक पक्षी नाही. एक बाई करवादली, "अहो, पक्षी कधी दाखवणार?" तू तिच्याकडे असं पाहिलंस, जणू तिने देवळात मोठ्याने शिंक दिली.

"पक्षी दाखवायचे नसतात. ते आपल्याला बघतात. आत्ता बघतायत. नीट उभ्या राहा."

सगळ्या बायांनी पोटं आत घेतली! मी तोंडात रुमाल कोंबला. मग तू काय शक्कल लढवलीस, तर सगळ्यांना सफारीच्या बसमध्ये कोंबलंस. जाळीच्या खिडक्यांतून आपण सगळ्या नाकं बाहेर काढून बसलो आणि वाघ आपला पाण्याशेजारी आडवा, चारी पाय पसरून. तीच बाई म्हणाली, "उठवा ना त्याला जरा." तू म्हणालीस, "रविवार आहे बाई, झोपू दे त्याला." घरी परतल्यावर सगळ्या म्हणाल्या, काय सुंदर पक्षीनिरीक्षण झालं.

हे सगळं मी तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीत सांगितलं, ऐक. लोक हसले. प्रकाशही हसला. आणि मग तो एकदम म्हणाला, "नाहीतरी हल्ली ती जिन्यातसुद्धा थांबायची. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी. म्हणायची, गुलमोहर बघते."

मी घास परत ताटात ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून असेल. का त्याच्याही आधी? लक्षात नाही गं. पित्त झालंय म्हणायची. मी म्हटलं दाखवून घे, तर म्हणाली, नीला असते ना बरोबर, चालतेय मी रोज."

नीला असते ना बरोबर. सुले, असं बोलून जायचं असतं का कोणी?

आता आपल्या भांडणावर येते, जे अर्धं राहिलं. होळीच्या सुमाराचं. नदीकाठच्या बाकावर तू बुटातले खडे काढत बसली होतीस. काका पुढे गेले होते. मी ठरवूनच आले होते.

"सुले, तू माझ्यावर दया करतेस."

"मी? तुझ्यावर? कशाबद्दल?"

"तुला माहितीये कशाबद्दल. रोज जे पक्षी बघतेस ते माझ्यासाठी. मला ते आवडत नाही. मला कीव नकोय कोणाची."

तू बूट पायात घातलास, नाडी बांधलीस आणि म्हणालीस, "जग सगळं तुझ्याभोवतीच फिरतं ना, नाटकी! अगं, मला दम लागतो. म्हणून थांबते."

"खोटारडी!"

"बरं, खोटारडी. चल आता."

मी दिवसभर खूश होते. म्हटलं, पकडली. माझी अब्रू राहावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेय, काय पण मैत्रीण! तुझं ते वाक्य मी सगळ्या बाजूंनी तपासलं, आणि ते खरं असू शकतं ही एक बाजू तेवढी सोडून दिली. मी भाजीवालीच्या वजनावर संशय घेते, डॉक्टरांच्या गोळ्यांवर घेते, श्रीकांतच्या खोकल्यावरसुद्धा घेते. त्या दिवशी तू उघड्यावर, दिवसाढवळ्या, सरळ मराठीत खरं सांगितलंस, आणि माझ्यासारख्या तयारीच्या संशयी बाईला ते पचलं नाही.

का खोटंच होतं ते? कारण पहिल्या दिवशी, हळद्याच्या दिवशी, तुला कसला दम? त्याच आठवड्यात लिफ्ट बंद होती आणि तू गव्हाचं पीठ दळून, डबा डोक्यावर घेऊन पाच मजले चढलीस, वर मला फोन करून सांगितलंस. तेव्हा तू ठणठणीत होतीस. मग तेव्हा कोणासाठी थांबलीस?

तू गेल्यावर काही दिवस मी गेटकडे फिरकले नाही. मग गेले. काका रोजच्या जागी उभे होते. मला बघून चालू लागले. चढ लागला. पहिलं वळण आलं, कोणी ओरडलं नाही. मी आपली कठड्यावर जाऊन बसले.

"काका, मी थांबले. पक्षी नाही, जनावर नाही. दंड लावा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फांदीकडे, जिच्यावर कधी काही नव्हतं. आणि स्वतःच माझ्या शेजारी बसले. गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस कामाच्या मधे बसलेला मी पाहिला नव्हता.

म्हणून रविवारी आम्ही दोघं होडीत. मी पायडल मारतेय, काका मारतायत, आजूबाजूला कॉलेजची मुलं पाणी उडवतायत आणि आमच्या होडीत सुतक. मी मुद्द्यावर आले.

"काका, खरं सांगा. ती माफीची दुरुस्ती तुम्हाला कोणी सुचवली?"

"सुलभान. आदल्या सांजेक घरी इली. म्हणाली, काका, नियमात जरा सूट घाला."

"बघा! मला वाटलंच. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी कित्याक?" काका पायडल मारायचे थांबले. "माझ्यासाठी!"

"तुमच्यासाठी?"

"मगे? म्हणाली, काका, तुमचो गुडघो हल्ली बोलता, माका मागून आयकाक येता. पण नियम तुमचो, तुमका थांबाक येवचा नाय. मी पक्षी दाखवतंय, तुम्ही उभे रवा. आणि नीलाक सांगा नको, म्हणाली. ती नाटकी. सगळ्या बोरिवलीक सांगात."

"नाटकी म्हणाली?"

"म्हणाली."

"ह्याच शब्दात?"

"ह्याच."

मी पायडल सोडून दिलं. काकांनी रागाने मारायला घेतलं. एका बाजूनेच जोर, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली आणि काठावरच्या माणसाने शिट्टी मारली.

"काका, माझ्या हृदयात नळी घातलीय. दोन वर्षं झाली. मी पुण्याला गेलेच नव्हते."

काकांनीही पायडल सोडलं. होडी आणखी अर्धं वळण फिरली.

"सुलभाक म्हायत होता?"

"मी नाही सांगितलं."

"मग ती तुझ्यासाठी थांबली ह्या तू कशावरसून म्हणतंस? माझ्या गुडघ्याचा तिना सोता माझ्या तोंडावर सांगितल्यान."

सुले, ऐंशीच्या घरातल्या माणसाशी मी तळ्याच्या मधोमध भांडले. माझ्यासाठी! छे, माझ्यासाठी! कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, इस्टेटीची वाटणी चाललीय. शेवटी काकांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "आणि तिका खुद्द दम लागता म्हणून कोणी बघूक नाय. दोघांनी पण." मग आम्ही दोन्ही बाजूंनी सारखं पायडल मारत काठाला आलो.

घरी आले ती थेट श्रीकांतसमोर उभी राहिले. "आता तरी सांग."

या वेळी त्याने टीव्ही बंद केला. तिथेच मला कळलं.

"मी आपणहून सांगितलं नाही," तो म्हणाला. "तिनेच मला जिन्यात गाठलं. म्हणाली, नीला पुण्याहून आली आणि बाकरवडी आणली नाही. काय झालंय तिला? मग सांगावंच लागलं."

बघ! इस्पितळाचे कागद मी माळ्यावर लपवले, गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवल्या, हातावरचे सुयांचे डाग झाकायला लांब बाह्या घातल्या. आणि पकडली गेले कशात, तर बाकरवडीत. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते गं ती! एक पुडा आणून तुझ्या हातात दिला असता, तर तू जन्मभर मला पुण्याला जाऊन आलेली समजली असतीस.

म्हणजे एवढं आता पक्कं. सुरुवात माझ्यासाठी. त्यात काकांचा गुडघा बसवून घेतलास, एका थांब्यात दोन माणसं. आणि पुढे कधीतरी, दिवाळीच्या आगेमागे, त्याच वळणावर, त्याच दगडाशी तू स्वतःसाठी थांबायला लागलीस. ओरडणं तेच, दुर्बीण तीच. कुठल्या सकाळी बदललं ते? कुठल्या पक्ष्याला? मी शेजारीच उभी होते आणि मला पत्ता लागला नाही. हे तुझं कौशल्य की माझा आंधळेपणा, यावर मी रोज एकेक मत देते.

पण थांब. आता माझंही एक ऐकून घे, जे मी तुला सांगितलं नाही.

होळीनंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हृदय झकास आहे, हवं तर पळा. तू लग्नाला नाशिकला गेली होतीस ना, तेव्हा मी पळून पाहिलं. काकांना म्हटलं, आलेच, आणि पहिलं वळण, दुसरं वळण, पूल, दगड, कुठेही न थांबता सरळ लेण्यांपर्यंत गेले. वर जाऊन एकटीच नाचले. ठरवलं, उद्या सुली आली की तिच्या नाकासमोरून इंजिन सोडायचं आणि तिचा हळद्या मागे ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. चढ लागला, पहिल्या वळणावर तू ओरडलीस, "थांबा!" माझे पाय पुढे गेलेसुद्धा होते. मागे वळून पाहिलं, तर तू दुर्बीण डोळ्याला लावून, तोंड किंचित उघडं ठेवून, इतकं मन लावून त्या फांदीकडे बघत होतीस की मला वाटलं, राहू दे. हिला माझी काळजी घ्यायची हौस आहे तर घेऊ दे. माझ्याशिवाय हिच्या पक्ष्यांना विचारणार तरी कोण? म्हणून परत आले. झाडाला टेकले. आणि कमरेवर हात ठेवून अशा काही धापा टाकल्या, की स्टेजवर टाळी पडली असती.

तिथून पुढे मी रोज थांबले. पहिलं वळण, दुसरं वळण, पूल, दगड. एकदाही मला गरज नव्हती. दर वेळी मी धापा टाकल्या, घाम नसताना ओढणीने कपाळ पुसलं, "हुश्श, बरं झालं थांबलो" म्हटलं. तू खरोखर दमलेली आणि मी खोटी दमलेली, अशा आपण त्या कठड्याशी शेजारी शेजारी उभ्या असायचो आणि काका घड्याळ बघायचे. तेवढा वेळ तुझा श्वास जागेवर येत होता. मला ते माहीत नव्हतं, पण मी थांबत होते ती तुझ्यासाठीच.

एकदा, अगदी शेवटच्या आठवड्यात, पुलाशी मी जरा जास्तच रंगात आले होते. छातीवर हात, डोळे मिटलेले, लांब उसासे. तू दुर्बीण खाली केलीस. माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ. आणि म्हणालीस, "पुरे गं. एवढं पण नको दमूस."

मी त्या वाक्यावर तेव्हा हसले होते. आता रोज सकाळी त्याच्याशी बसते, ते उलटून पालटून बघते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटतंय की समोरच्याने आपल्यावर संशय घेतलेला असावा. सांग ना सुले, आला होता ना तुला माझा संशय?

तुझी,
नीला